बंद वीजकेंद्रातली रात्र : पाय कुठे ठेवायचा, उजेड कुठून पाडायचा

कोळशावर चालणारं वीजकेंद्र ही मुळात वरून खाली पडणाऱ्या गोष्टींची इमारत आहे. कोळसा बंकरमधून (साठवणीच्या टाकीतून) फीडरवर आणि तिथून तो दळणाऱ्या मिलमध्ये पडतो. राख भट्टीच्या तळातून हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत पडते. टर्बाइनमध्ये काम करून झालेली वाफ खालच्या कंडेन्सरमध्ये उतरते, तिचं पाणी होतं आणि ते आणखी खाली हॉटवेलमध्ये साठतं. जिथून काही खाली जात होतं तिथे मजल्याला भोक आहे. केंद्र बंद पडल्यावर त्या भोकावरचं यंत्र किंवा झाकण भंगारात गेलेलं असू शकतं. म्हणून रात्री आत शिरण्याआधी आम्ही नकाशावर पहिल्या खुणा करतो त्या या भोकांच्या. कोळसा, हवा, पाणी, वाफ आणि राख यांचा रस्ता ज्याला पाठ आहे, त्याला अंधारातला खड्डा कुठे असेल याचा अंदाज असतो. ज्याला तो पाठ नाही, त्याने कितीही मोठी बॅटरी नेली तरी तो नशिबाच्या भरवशावर चालतो.

खाली लिहिलं आहे ते अशा एका फेरीचं, आत शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत. २१० मेगावॅटचा संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक), आणि पाडकाम सुरू होण्याआधी त्याची छायाचित्रं व नोंदी घेणं हे काम. रात्र निवडायचं कारण छायाचित्रांचं. टर्बाइन हॉलच्या उंच खिडक्यांतून दिवसा उन्हाचे पट्टे पडतात, यंत्राचा माथा पांढराफटक येतो आणि पाया काळाठिक्कर. रात्री उजेड आपल्या हातात असतो.

परवानगी लेखीच हवी. माणसं किती, आत कधी, बाहेर कधी, हे तिच्यात लिहिलेलं हवं. चोरून आत जाणं हा गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट हे की तुम्ही आत आहात याची बाहेर कुणालाच खबर नसते. मालकाला आम्ही दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, पाडकामाची पूर्वतयारी सुरू झाली आहे का? स्फोटाने पाडायच्या इमारतीचे खांब आणि तुळया आधी ठरावीक ठिकाणी कापून कमकुवत करतात. हे काप खालून, अंधारात, धुळीखाली दिसत नाहीत. इंग्लंडमधलं डिडकॉट 'ए' केंद्र २०१३ मध्ये बंद झालं. २३ फेब्रुवारी २०१६ रोजी, पाडकामाची तयारी चालू असताना, त्याच्या बॉयलर हाउसचा मोठा भाग अचानक बसला आणि ४ कामगारांचा जीव गेला. तेव्हा कापायला सुरुवात झाली असेल तर आम्ही जात नाही, मग कितीही ओळख असो.

दुसरा प्रश्न, जिवंत काय आहे? केंद्र बंद म्हणजे वीजनिर्मिती बंद. स्विचयार्ड (वीज बाहेर पाठवणारं उघड्यावरचं आवार) पुष्कळदा उपकेंद्र म्हणून चालूच राहतं, चिमणीवरच्या लाल दिव्यांना वीज लागते, तळघरातले पाणी उपसायचे पंप चालू असू शकतात. म्हणजे एखाद्या मेलेल्या दिसणाऱ्या पॅनेलमध्ये एकच वीजवाहिनी जिवंत असणं अगदी शक्य आहे. पॅनेलचं दार उघडायचं नाही आणि स्विचयार्डच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे दोन नियम आम्ही कधीच मोडत नाही.

रात्रीची खरी फेरी दिवसा होते. आदल्या दिवशी भर उन्हात आम्ही सगळा मार्ग चालून बघतो, आणि जो मार्ग दिवसा पाहिला नाही त्यावर रात्री जात नाही. रात्री नवा जिना 'जरा बघू' म्हणून चढायचा मोह होतो, आणि घात तिथेच होतो. दिवसाच्या फेरीत परावर्तक पट्टीचे हातभर लांबीचे तुकडे गुडघ्याच्या उंचीवर चिकटवत जातो, आणि तेही परतताना समोर येतील अशा बाजूला. जाताना डोकं ताजं असतं. वाट चुकते ती परतताना. प्रत्येक तुकड्याला क्रमांक घालायचा आणि तो नकाशावर उतरवायचा.

आता उजेडाबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कपाळावरच्या दिव्याचा झोत आणि आपली नजर जवळजवळ एकाच रेषेत असतात. त्यामुळे वस्तूची सावली वस्तूच्या मागे लपते आणि जमीन सपाट दिसते. मजल्याच्या लोखंडी जाळीतला निघालेला तुकडा, वर उचललेली प्लेट, दोन इंच खाली बसलेलं झाकण, काहीच उठून दिसत नाही. तीच बॅटरी हातात घेऊन मांडीच्या उंचीवर धरा आणि झोत जमिनीला जवळजवळ समांतर सोडा. लगेच प्रत्येक खड्ड्याला काळी कड येते आणि प्रत्येक उंचवट्याला लांब सावली. चालताना जमीन पाहायची ती याच उजेडात.

मात्र परावर्तक पट्टीचं उलटं आहे. ती उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून ती चमकलेली दिसायला दिवा डोळ्यांजवळच हवा. मांडीपाशी धरलेल्या बॅटरीने पट्टी मंद राखाडी दिसते. सारांश, दोन दिवे आणि दोन कामं : हातातला पायांसाठी, कपाळावरचा वाटेसाठी. कपाळावरचा दिवा ५० ते १०० ल्युमेनवर पुरतो. त्याहून वाढवला तर हवेतली राख झोतात चमकते आणि धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखं होतं. माणशी तिसरा छोटा दिवा खिशात असतो, आणि सेल बदलायचे असतील तर बसून, दुसऱ्याच्या उजेडात.

बाकी सामानात बूट पोलादी टोकाचे आणि तळव्यात खिळा न शिरणारा थर असलेले. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच, कारण जिन्यात वर बघितलं की बिनपट्ट्याचं हेल्मेट मागे घरंगळतं. तोंडावर अर्धमुखी मास्क आणि पी-३ दर्जाचे फिल्टर. साधा एन-९५ इथे आम्ही पुरेसा मानत नाही. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. फिल्टरवर तळहात दाबून श्वास ओढायचा, मास्क गालाला चिकटून राहिला तरच तो बसला. हा खटाटोप ॲस्बेस्टॉससाठी, म्हणजे फुफ्फुसाला घातक असलेल्या तंतुमय खनिजासाठी आहे. जुन्या केंद्रांत वाफेच्या नळांवरचं लॅगिंग (उष्णता राखणारं आवरण), नळांच्या सांध्यांतले गॅस्केट, केबलच्या भोकांतली भरणी, सगळीकडे ते वापरलेलं असू शकतं. नळावर प्लास्टरसारखं पांढरट कवच, त्यावर फाटलेलं कापड आणि फाटेतून लोंबणारे मऊ धागे दिसले, की ते ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चालायचं. बघून खात्री होत नाही, ती प्रयोगशाळेतच होते. त्याला हात लावायचा नाही, खाली पडलेल्या तुकड्यावर पाय द्यायचा नाही आणि झाडू तर मुळीच मारायचा नाही. कबुतरांची विष्ठा साचलेल्या जागांनाही हाच न्याय, कारण ती वाळून उडाली की फुफ्फुसाचे आजार होतात.

सोबत चार वायूंचं मीटर असतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्यात ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला पाहिजे. तो १९.५ वर आला, कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम (हवेच्या दशलक्ष भागांत ३५) झाला, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम झाला किंवा ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्या प्रमाणापासून तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांवर गेला, तर मागे फिरायचं. पण या मीटरची एक आंधळी बाजू आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. त्याला कार्बन डायऑक्साइड कळत नाही. हा वायू वीजकेंद्रात दोन कारणांनी असतो. जनरेटर हायड्रोजनने थंड ठेवलेला असतो, आणि हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान पेट घेऊ शकतो. म्हणून तो काढताना हवेत मिसळू नये यासाठी मध्ये कार्बन डायऑक्साइड सोडतात. शिवाय काही केबल गॅलऱ्यांमध्ये (केबल नेणाऱ्या बंद बोळांमध्ये) आग विझवायला त्याच्या टाक्या बसवलेल्या असतात. हा वायू हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचणारा. आता हिशेब करा : नुसत्या कार्बन डायऑक्साइडमुळे ऑक्सिजन २०.९ वरून १९.५ वर यायला हवेत तो सुमारे ६.७ टक्के मिसळावा लागतो, आणि जिवाला तत्काळ धोका ४ टक्क्यांनाच धरतात. म्हणजे मीटर ओरडायच्या आधीच माणूस आडवा झालेला असेल. त्यासाठी वेगळं मीटर न्यावं, नाहीतर केबल गॅलरी सोडून द्यावी. आम्ही ती सोडली.

सूर्यास्ताच्या तासभर आधी आत जायचं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, हे एक कारण. दुसरं आवाजांचं. दिवसभर तापलेले पत्रे संध्याकाळी थंड होऊन आकसतात आणि तासभर टक् टक् वाजत राहतात. हा आवाज विखुरलेला, हलका आणि हळूहळू विरत जाणारा असतो. तो कानात बसला की वेगळा आवाज ओळखू येतो : एकाच जागेवरून, वजन पडल्यावर येणारी करकर. ती आली की जिथे आहोत तिथून आल्या पावली मागे यायचं. आत तिघं, बाहेर फाटकाशी एक. दर १५ मिनिटांनी वॉकीटॉकीवर बोलायचं. बॉयलर हाउसच्या लोखंडात आवाज तुटतो, म्हणून कुठल्या मजल्यावर आवाज पोचतो हे दिवसाच तपासलेलं असतं. सलग दोन वेळा निरोप आला नाही, तर बाहेरच्याने स्वतः आत यायचं नाही, मदत बोलवायची.

सुरुवात टर्बाइन हॉलपासून, कारण धूळ उडायच्या आत सगळ्यात रुंद चित्र घ्यायचं असतं. कामाच्या मजल्यावर मधोमध यंत्र : एका रेषेत उच्च, मध्यम आणि कमी दाबाची टर्बाइन, मग जनरेटर. ५० हर्ट्झच्या विजेसाठी ही सगळी रांग मिनिटाला ३००० फेरे घ्यायची. तिचा हादरा इमारतीला लागू नये म्हणून यंत्राचा पाया बाकीच्या मजल्यापासून सुटा ठेवतात, आणि दोहोंमधली फट पट्ट्यांनी झाकतात. पट्ट्या गेल्या की यंत्राभोवती पाऊल अडकेल अशी खाच उरते, आणि छायाचित्र घेताना नेमके सगळे तिच्या कडेलाच उभे राहतात. त्याहून मोठा धोका कमी दाबाच्या टर्बाइनचा. तिचं वरचं कवच आणि रोटर काढून नेलेला असेल, तर कडेवरून थेट कंडेन्सरच्या तोंडात, कित्येक मीटर खाली. इथे दोन मीटरच्या आत आम्ही जात नाही. हॉलच्या एका टोकाला सामान क्रेनने वर घ्यायचं चौकोनी तोंड असतं. त्याचा कठडा काढता येण्याजोगा असतो, आणि काढलेला परत लावलेला असेलच असं नाही. जमिनीवर वंगणाचा थर आणि त्यावर राख : दिसायला कोरडं, पावलाखाली साबण.

तळघरात आम्ही उतरलो नाही, पण शेवटच्या पायरीवरून जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. पंप बंद पडल्यावर तिथे पाणी साचतं. साचलेल्या पाण्यावर महिनोन्‌महिने धूळ बसते आणि तिची अखंड साय होते. बॅटरी मारली तर चमक नाही, तरंग नाही, करडी सपाट फरशी. एक छोटा नट टाकला. आवाज आला नाही, फक्त एक काळं वर्तुळ उघडलं आणि हळूहळू मिटलं. खाली कंडेन्सेट पंपांचे खड्डे, केबलचे चर, थंड पाण्याचे मोठे नळमार्ग, सगळं त्या करड्या सायीखाली. असल्या बंद जागेत ओलं लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं आणि गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कंडेन्सर, ड्रम, हॉपर, बंकर, टाक्या यांच्या आत शिरणं हे बचावपथक आणि श्वसनयंत्र असल्याशिवाय करायचं काम नाही.

बॉयलर हाउसला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला. पाहणाऱ्याला वाटतं बॉयलर जमिनीवर उभा आहे. तो उभा नसतो, वरच्या गर्डरांना टांगलेला असतो. ५० मीटर उंचीचं पोलाद ३०० अंशांनी तापलं की सुमारे १८ सेंटिमीटर लांबतं. एवढी वाढ खालच्या दिशेला मोकळी सोडावी लागते. म्हणून प्रत्येक मजल्याची जाळी बॉयलरच्या भिंतीला टेकत नाही, अलीकडेच थांबते. भिंतीला हात टेकून चालायची सवय इथे उपयोगाची नाही. भिंतीजवळ फटच असते, आणि हाताखाली असतो तो लॅगिंगवरचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. डक्टच्या (हवा-धुराच्या मोठ्या नळाच्या) माथ्यावरही तोच पत्रा असतो आणि तो वाटेसारखा दिसतो. त्याखाली उष्णता अडवणारी खनिज लोकर, लोकरीखाली गंजलेली प्लेट. त्यावर वजन टाकायचं नाही.

जाळी कुठे खराब झालेली असेल हेही प्रवाहच सांगतो. धुरातला गंधकाचा अंश ओलाव्याशी मिळून आम्ल होतो, आणि धूर साधारण १२० ते १५० अंशांच्या खाली आला की ते आम्ल धातूवर बसतं. धूर इतका थंड होतो तो एअर प्रीहीटरपाशी (भट्टीत जाणारी हवा धुराच्या उष्णतेने तापवणाऱ्या यंत्रापाशी) आणि त्याच्या पुढे. त्यामुळे वरचे गरम मजले अनेकदा धडधाकट असतात, आणि प्रीहीटरच्या आसपासचे खालचे मजले, जे जमिनीजवळचे म्हणून सुरक्षित वाटतात, तेच कुजलेले. दुसरी वाईट जागा गळक्या छताखालची आणि तिसरी राखेच्या पाण्याच्या नळांजवळची.

जाळी तपासताना तिच्या मध्यावर बघू नका, टोकं बघा. जाळीत जाड उभ्या पट्ट्या वजन घेतात, आडवे गज त्यांना फक्त धरून ठेवतात. वजन घेणाऱ्या पट्ट्यांचं टोक तुळईच्या अँगलवर निदान बोटभर टेकलेलं हवं आणि क्लिप जागेवर हवी. क्लिप नसली तर कडेवर पाय पडताच तुकडा उलटतो, अगदी नवा असला तरी. टोकाशी गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर ती जाळी गेली. मग बुटाच्या टाचेने ठोकून आवाज ऐकायचा. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं भदभदतं. पुढे जायचं ते तुळईच्या रेषेवरून, एका वेळी एकाने, पाच पावलांचं अंतर ठेवून. कठड्याला स्पर्श करायचा, भार द्यायचा नाही.

कोळशाच्या बंकरच्या मजल्यावर मीटरचा आकडा बघत बघत गेलो. उरलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन घेत आतल्या आत तापतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. वरून घट्ट दिसणाऱ्या थराखाली पोकळी असू शकते. राखेच्या हॉपरांचंही तसंच : राख आत कमान धरून अडकून बसते आणि जराशा धक्क्याने टनावारी खाली येते. हॉपरखाली उभं राहून चित्र काढायचं नाही, त्याची दारं तर हलवायचीच नाहीत.

कंट्रोल रूम शेवटी ठेवली, कारण तिथे जमीन साधी असते आणि तोवर पाय दमलेले असतात. भिंतभर पॅनेल, वर धोक्याच्या सूचनांच्या चौकटी, मधे सिंक्रोनोस्कोप, संच आणि ग्रिड यांची लय जुळली का ते दाखवणारं मापक. त्याचा काटा जुळला की संच ग्रिडला जोडायचे. चित्र घ्यायचं ते तिकाटण्यावर, आयएसओ २००, छिद्र एफ-८, ३० सेकंद. या ३० सेकंदांत एकाने कॅमेऱ्याच्या बाजूला ४५ अंशांत उभं राहून बॅटरीचा झोत पॅनेलवरून भिंतीला रंग देतात तसा सतत फिरवायचा. थांबला की तिथे पांढरा डाग येतो. समोरून मारला की प्रत्येक मीटरच्या काचेत बॅटरीच दिसते. कपाळावरचे सगळे दिवे बंद. प्रत्येक पॅनेलचं एक चित्र मोजपट्टी ठेवून आणि एक टॅग क्रमांक वाचता येईल इतक्या जवळून, कारण पाडकामानंतर हीच नोंद उरते. फरशीवर चांदीसारखे चमकणारे थेंब दिसले, तर तो फुटलेल्या स्विचमधला किंवा मापकातला पारा असतो. त्यावर पाय पडला तर तो बुटाबरोबर घरी येतो. आम्ही ती खोली तिथेच सोडली आणि नकाशावर लिहून ठेवलं.

परत फिरायची वेळ आधीच ठरलेली होती, रात्री १ वाजता, काम कितीही बाकी असलं तरी. उतरताना शिडीकडे तोंड, तीन अवयव कायम टेकलेले, कॅमेरा पिशवीत. बाहेर आल्यावर आधी ओल्या फडक्याने बूट, तिकाटणं, पिशव्या पुसायच्या. अंगावरचा कागदी झगा ओलसर करून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवायचा. मास्क सगळ्यात शेवटी, कारण झगा काढतानाच सर्वांत जास्त धूळ उडते. झगा, फडकी आणि फिल्टर दुहेरी पिशवीत बांधून ॲस्बेस्टॉसचा कचरा म्हणून वेगळे द्यायचे. हे कपडे घरच्या धुण्यात कधीही टाकायचे नाहीत.

मग पट्ट्या मोजल्या. दिवसा ५२ लावल्या होत्या, परतताना एकेक सोलून आणल्या होत्या, हातात ५१ आल्या. क्रमांक जुळवले तेव्हा ३७ नंबरची नव्हती, एअर प्रीहीटरच्या मजल्यावरच्या जिन्यापाशी लावलेली. ती आणायला परत गेलो नाही. नकाशावर त्या जागी फुली केली आणि सकाळी नकाशाची एक प्रत पाडकाम करणाऱ्यांच्या हाती दिली.